बगळे गुरुजींचा दुसरा पाय

फार पूर्वी, प्राणीसुद्धा हजेरी द्यायचे तेव्हा, तळ्याकाठी बगळे गुरुजींची शाळा भरायची. शाळेची घंटा म्हणजे गाढवाचं ओरडणं. ते सुरू झालं की खवल्या मांजराचा कवडू अंगाचा घट्ट गोळा करायचा आणि तास संपला तरी उलगडायचा नाही.

एकदा गुरुजींनी त्याच्या आईला भर वर्गात बोलावलं. गोळा झालेला कवडू तिथेच पायाशी होता.

"कवडूच्या आई, असं चालायचं नाही. उद्यापासून याला घरीच ठेवा."

"अहो गुरुजी, गोळा झाला तरी तो सगळं ऐकत असतो हो," आई काकुळतीला आली.

"माझ्या वर्गात सगळ्यांनी सारखंच राहायचं!" गुरुजी एका पायावर उभे राहून गरजले.

पुढच्या रांगेतल्या चिंगी खारीने शेपूट वर केली. "गुरुजी, मग तुम्हीपण दुसरा पाय खाली टेका ना!"

वर्ग फिस्सकन हसला. गुरुजींनी तोऱ्यात पाय टेकला आणि पाढा सुरू केला. "सात एके सात, सात दुणे... सात दुणे..." पुढचं काही केल्या सुचेना. चोच नुसतीच उघडी.

"चौदा," खालून बारीक आवाज आला. गोळ्यातून.

गुरुजींनी हळूच पाय पुन्हा पोटाशी घेतला, गाढवाला उद्यापासून खालच्या आवाजात ओरडायला सांगितलं आणि मान वाकवून चोच गोळ्याजवळ नेली.

"हं, कवडू. सात त्रिक?"