दोन लहान व्हॉल्व्ह

एक कापडव्यापारी एकदा एका वृद्ध कारागिराच्या दुकानी आला. ध्वनियंत्रे दुरुस्त करण्यात या कारागिराचा हातखंडा होता. व्यापाऱ्याचा स्वर मात्र दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकासारखा नव्हता.

"मास्तर, माझी पत्नी जाऊन दहा वर्षं झाली. तिच्या गाण्याची एकच टेप उरली आहे. रविवारी सगळी मंडळी जमणार आहेत. नातीनं आजीचा आवाज कधीच ऐकलेला नाही. घरी दोन अ‍ॅम्प्लिफायर आहेत. जुना, काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हचा, त्यावर आवाज अगदी तिचाच येतो. पण नव्या घराच्या मोठ्या दिवाणखान्यात वाढवायला गेलं की वरच्या सुरावर फाटतो. म्हणून ट्रान्झिस्टरचा नवा घेतला. त्याचा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत पोचतो, पण वाटतं, कुणी परकी बाई तिचं गाणं म्हणतेय."

मास्तरांनी आपल्या शिष्येला त्याच्या घरी पाठवले. तीन वर्षे ती त्यांच्याकडे काम शिकत होती आणि त्यांच्या हाताकडे पाहताना तिला आजही पहिल्या दिवसाइतकेच नवल वाटे. मात्र तिच्या मनात एक अढी होती. व्हॉल्व्ह म्हणजे संगीत, आणि ट्रान्झिस्टर म्हणजे पत्र्याचा डबा. घरात शिरताच तिने नवे यंत्र उचलून चपलांच्या कपाटाशेजारी नेऊन ठेवले.

दोन दिवस ती जुन्या यंत्राशी झुंजली. व्हॉल्व्ह बदलले, ते बसतात त्या खोबणी घासल्या, सैल तारा पुन्हा जोडल्या. टेप लावली की पहिली ओळ मधासारखी उतरे. मग ती आवाज वाढवी, वरचा सूर येई आणि चिरफाळून जाई. दर वेळी तो सूर जवळ आला की व्यापारी खिडकीबाहेर पाहू लागे.

रविवारी सकाळी तिने मास्तरांना बोलावले. "मला नाही जमलं," ती खाली बघत म्हणाली.

"बरं झालं, लवकर सांगितलंस," मास्तर म्हणाले. "मंडळी यायला तीन तास आहेत."

त्यांनी डोळे मिटून दोन्ही यंत्रांवर टेप ऐकली. मग विचारले, "शेठ, वहिनी कशा गात?"

"हळू," व्यापारी म्हणाला. "भाजी निवडताना, केस विंचरताना. कधी बैठकीत गायला बसली की मीच मागून ओरडायचो, अगं, मोठ्यानं गा, शेवटच्या रांगेत ऐकू येत नाही! मग तिचा वरचा सूर चिरकायचा. लोक हसायचे. पुढं तिनं चारचौघांत गाणंच सोडलं. ही टेप मुलीनं स्वयंपाकघरात भरली होती."

मास्तरांनी जुने यंत्र बंद केले, ते निवेपर्यंत चहा घेतला आणि मग त्याचे दोन्ही मोठे व्हॉल्व्ह सरळ उपटून काढले.

"मास्तर!" शिष्येच्या तोंडून निघाले. "सगळा जोर त्यांच्यातच आहे. आता उरलं काय?"

"दोन लहान व्हॉल्व्ह उरले." त्यांनी मोठे व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून तिच्या हाती दिले. "आता तो चपलांपाशी बसवलेला पाहुणा आत घेऊन ये."

ती कानापर्यंत लाल झाली. तिने नवे यंत्र आणले. मास्तरांनी लहान व्हॉल्व्हच्या पुढून एक तार काढली, ती नव्या यंत्राला जोडली आणि नव्या यंत्राला स्पीकर जोडले.

"पोरी," ते म्हणाले, "सूर घडतो तो या दोन लहान व्हॉल्व्हपाशी. तिथं आवाज जन्मतः असतो तेवढाच, हळू. हे एवढाले स्पीकर हलवणं हे अंगमेहनतीचं काम, ते या डब्याला सहज जमतं. तू दोन दिवस गाणाऱ्याच्या डोक्यावर पोतं देत होतीस आणि तो धापा का टाकतो म्हणून त्यालाच तपासत होतीस. गाणाऱ्याला गाऊ दे. पोतं उचलणारा दाराशी बसून होता."

दुपारी मंडळी जमली. टेप सुरू झाली. पहिली ओळ आली ती स्वयंपाकघरातल्यासारखीच, कुणासाठी नव्हे अशी. मागे भांड्याचा बारीक आवाजही आला. नात आईला बिलगून म्हणाली, "आजी काय करतेय गं? पोळ्या?"

वरचा सूर जवळ आला तसा व्यापारी उठला. शिष्येला वाटले, आता हा खिडकीशी जाणार. पण तो मागे गेला, अगदी शेवटच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीपर्यंत, आणि तिथे बसला.

सूर आला. अखंड, हळुवार, भिंतीपर्यंत.

"येतंय गं," व्यापारी पुटपुटला. "इथंही येतंय."

शिष्येने मास्तरांकडे पाहिले. ते तारा गोळा करण्यात गुंतले होते, जणू काही विशेष घडलेच नव्हते. रुमालातले व्हॉल्व्ह तिने छातीशी नीट धरले आणि जाताना, कुणाचे लक्ष नाही असे पाहून, नव्या यंत्रावरची धूळ आपल्या ओढणीने पुसली.

आपल्या घरातले एखादे माणूस हळू बोलत असेल, तर त्याला मोठ्याने बोल म्हणण्याआधी आपण काय उचलू शकतो, ते पाहावे.