थोरल्या तव्याला तेलाचे सात हात

एका राज्यात, राजवाड्याच्या महाद्वारासमोर, उघड्या आभाळाखाली एक तवा होता. तवा कसला, बिडाचं अंगणच ते! तीन शिळांच्या चुलीवर तो बसवलेला. रोज सकाळी त्यावर धिरडी पडत. पहिलं धिरडं राजाला, मग वाटसरूंना, मग नगरातल्या लहानथोरांना, आणि सगळ्यांत शेवटचं तवेकरणीला. ही रीत सात राजांपासूनची होती.

तवेकरीण होती चिमाक्का. हाताने चलाख, जिभेने तिखट आणि मानी तर इतकी, की धिरडं जाड झालं असं कुणी म्हटलं तर दोन दिवस त्याच्याशी बोलायची नाही. नवरा वारलेला. एकुलती एक लेक सगुणा बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. चिमाक्काचा सगळा जीव त्या लेकीत.

आणि तवा कसा, तर काळाकुळकुळीत. पिठाने भरलेला डाव फिरला की धिरडं कडेने आपणहून सुटायचं. तवा हाती देताना सासूने एवढंच सांगितलं होतं, "खरवड, पण घासू नकोस. पूस, पण धुऊ नकोस." का, ते सुनेने विचारलं नाही. सासूला का म्हणून कोण विचारतं?

एके दिवशी शेजारच्या राज्याची राणी पाहुणी आली. महाद्वारात पालखी थांबली, राणीने पडदा सारला आणि पदर नाकाला लावला.

"इश्श! या मेल्या काळ्या भांड्यातलं खाता तुम्ही?"

झालं! चिमाक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. पालखी आत गेली आणि बाईने कंबर कसली. चिंच घेतली, विटकर घेतली, नदीची वाळू आणली. पहिल्या दिवशी काजळी गेली. दुसऱ्या दिवशी कवच गेलं. तिसऱ्या दिवशी आतलं लोखंड उघडं पडलं आणि चिमाक्काला तव्यात स्वतःचं तोंड दिसलं. सज्ज्यातून राजा म्हणाला, "वा, चिमाक्का! चांदीचा केलास की!" बाई फुगून दुप्पट झाली.

पुढल्या सकाळी पहिलं धिरडं पडलं ते चिकटलं. उलथन्याने खरवडलं तर त्याच्या चिंध्या निघाल्या. दुसरं तसंच, दहावं तसंच. राजाने चिंध्या खाल्ल्या, वाटसरूंनी खाल्ल्या, नगराने खाल्ल्या, सगुणेनेही खाल्ल्या. चिमाक्काची पाळी आली तेव्हा पीठ संपलं होतं. शेवटी जेवायची रीत होती, म्हणून ती तेवढी वाचली.

राजा सिंहासनावर बसला आणि उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला आणि चालू लागला. प्रधान त्याच्या मागे धावला. राजाला धरायला नव्हे, त्यालाही उभं राहवेना म्हणून. विणकर माग सोडून निघाले, तेली घाणा सोडून निघाला, सुईणी, वैद्य, पहारेकरी, सगळे रस्त्यावर. कुणालाच कुठे जायचं नव्हतं आणि कुणालाच थांबता येत नव्हतं. वेशीपर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा निघायचं. चुलींवर दूध उतू गेलं आणि चुलीही विझल्या.

सगुणा पोटावर हात ठेवून दाराबाहेर पडली.

"कुठे गं निघालीस अशी अवघडलेली?"

"ठाऊक नाही, आई. बसवत नाही मला."

चिमाक्काने तिचे दोन्ही दंड धरले, तर लेक तिलाच फरफटत वेशीपर्यंत घेऊन गेली. तेव्हा कुठे बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

महाद्वाराजवळच्या माळावर एक टिटवी राहत असे. ती तुरुतुरु आली आणि बोलू लागली, कारण त्या राज्यात टिटव्या बोलत.

"काय केलंस हे, चिमाक्का? सात राजांमागे कराळ मांत्रिकाने शाप दिला होता, या राज्यात कुणाचा पाय एका जागी ठरणार नाही. तेव्हाच्या राणीने तो शाप लोखंडात घातला आणि तेलाचे सात हात देऊन वरून कोंडला. तू ते झाकणच घासून काढलंस."

"मला कुणी सांगितलं नाही."

"घासू नकोस एवढं सांगितलं होतं ना? आता ऐक. सगुणेचं बाळ परवा मावळतीला येईल. चालत्या आईच्या पोटातून बाळ उतरत नाही. तोवर ती बसली नाही, तर दोन्ही जीव जातील."

चिमाक्काने पदर खोचला. रडायला वेळ कुठे होता? "उपाय बोल," ती म्हणाली.

"उपाय तीन. उघड्या तव्यावरचं पहिलं ज्याने खाल्लं, त्याच्या पायांनी काढलेलं जवसाचं तेल. राज्याची सारी स्वस्थता ज्याच्यापाशी गेली, त्या डोंगरावरच्या कराळाच्या चुलीतला निखारा. इथला विस्तव आता लाकडावर टिकायचा नाही. आणि तेलाचे सात हात, एका बैठकीत. उठलीस, की पहिल्यापासून. मग जे पहिलं धिरडं उतरेल ते सगुणेला चार, की पाय ठरतील."

दुसऱ्या दिवशी उजाडताच चिमाक्काने राजाला तळ्याच्या बांधावर गाठलं आणि त्याच्या बरोबरीने पावलं टाकू लागली.

"महाराज, एक मागणं आहे."

"चालता चालता माग. थांबवत नाही."

"आपण घाण्याला जुंपून घ्यावं."

प्रधान होता जवळच. "जीभ झडेल तुझी!" असं ओरडत तो पुढे निघून गेला, त्याला तरी कुठे थांबता येत होतं?

चिमाक्का म्हणाली, "महाराज, दोष माझा आहे. पाहुणीचं बोलणं लागलं मला, म्हणून मी तवा घासला. आता माझी लेक मरणाच्या दारात आहे."

राजाने चालता चालता घाण्याची वाट धरली. मग म्हणाला, "तू घासलास आणि मी वा म्हटलं. जू आण."

राजाने जू खांद्यावर घेतलं. वळणावर मुकुट घसरायचा, तो त्याने काढून घाण्याच्या दांड्यावर अडकवला. दुपारपर्यंत राजा गोल फिरला, जवस चिरडलं आणि बुधलाभर तेल निघालं. खांदा सोलवटला, पण राजाने हूं की चूं केलं नाही.

बुधला घरात ठेवून चिमाक्का डोंगराकडे निघाली. दिवस कलताना गुहेशी पोचली. आत कराळ मांत्रिक बसला होता. कसा बसला होता? तर सगळ्या राज्याचा विसावा त्याच्या अंगावर साचला होता आणि त्या भाराने तो खडकात कमरेपर्यंत रुतला होता. समोर चुलीत निखारे होते, जागच्या जागी, शांत. चिमाक्का आत शिरली आणि तिचे पाय शिशाचे झाले. पापण्या मिटू लागल्या.

"थकलीस, बाई," कराळ म्हणाला. "हा पाट घे. बस."

"थकले आहे. बसणार नाही."

"ही बाज घे. घटकाभर पाठ टेक."

"पाठ दुखते आहे. टेकणार नाही."

"मग असं कर. तुझ्या लेकीला इथे बोलावतो. इथे तीही बसेल आणि सुखाने बाळंत होईल. फक्त आधी तू बस."

खरं सांगायचं तर इथे चिमाक्का डळमळली. ती पाटाकडे वाकली. हात पाटाला लागलासुद्धा.

"बसेल," ती हळूच म्हणाली. "पण उठेल कधी?"

कराळाने पाट आणखी पुढे सरकवला. तिला समजायचं ते समजलं. तिने चिमट्याने तीन निखारे उचलले, खापरात घातले आणि पाठ फिरवली.

"थांब!" कराळ गरजला. "उठतो मी!"

"उठा की!" चिमाक्का म्हणाली.

कराळाने जोर केला, नखं खडकात रोवली, कपाळाची शीर फुगवली. पण एवढ्या राज्याचा आराम एकट्याने घेतलेला माणूस उठतो कसला? चिमाक्का डोंगर उतरून गेली तरी त्याच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी सूर्य उगवताना थोरल्या तव्याखाली त्या निखाऱ्यांनी जाळ धरला. तवा तापला. चिमाक्का शिळेजवळ बसली, एका बाजूला बुधला, दुसऱ्या बाजूला सुती फडकं. बैठक मोडायची नव्हती, म्हणून लांब दांड्याला फडकं बांधून घेतलं होतं. वेशीकडून लोकांचे घोळके येत होते, जात होते. त्यात सगुणा होती, कमरेवर हात देऊन चालणारी.

आता बघा हं, आयुष्यभर तव्याला तेल देणारी बाई, पण लेकीकडे बघून तिचा धीर सुटला. सात हात कशाला, एकदाच सातांचं तेल देते, असं मनाशी म्हणत तिने बुधला कलंडवला. तेल तव्यावर डबक्यासारखं साचलं, धुरलं आणि गुळाच्या पाकासारखं चिकट होऊन बसलं. फडकं लावलं तर फडकं निघेना.

टिटवी किंचाळली, "अगं, तू तवेकरीण ना!"

चिमाक्काने कपाळावर हात मारला. बसल्या बसल्या उलथन्याने ते सगळं खरवडलं. सूर्य दोन कासरे वर आला आणि निम्मं तेल वाया गेलं.

मग मात्र तिने तव्याला जसं हवं तसं केलं. चार थेंब तेल घ्यायचं, सगळीकडे चोळायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, जणू लावलंच नव्हतं. मग थांबायचं. धूर निघेपर्यंत थांबायचं आणि निघालेला धूर संपेपर्यंतही थांबायचं. पहिल्या हाताला लोखंड वाळल्या गवताच्या रंगाचं झालं. दुसऱ्या हाताला मधासारखं पिवळं. तिसऱ्या हाताला तांबूस. हात चालत होता तेवढा वेळ बरं होतं. धुराची वाट बघताना मात्र तिला बसल्या जागी काटे टोचत होते. एवढं अवघड काम तिने जन्मात केलं नव्हतं.

चौथ्या हाताला सगुणा जवळून गेली. "आई, कळ आली गं."

"मी आहे, बाय. चालत राहा."

पाचव्या हाताला तवा जांभळट झाला, आणि सगुणा दहा पावलांवर गुडघ्यावर कोसळली. पण पाय तिचे ऐकेनात. त्यांनी तिला ओढून उभी केली.

"आई, ये ना! धर मला!"

चिमाक्काचं सगळं अंग उठलं. तिने दोन्ही हातांनी चुलीची शिळा धरली. शिळा तापलेली होती, तळवे भाजले, पण तिने सोडली नाही.

"येता येत नाही गं. मी बसले तरच तू बसशील."

सगुणा वळून म्हणाली, "तुला तवाच जवळचा. पहिल्यापासून तवाच!" आणि पाय तिला घेऊन गेले.

हे शब्द आईच्या काळजात रुतले. उत्तर होतं तिच्यापाशी, पण उत्तर द्यायला उठावं लागलं असतं. तिने भाजलेल्या तळव्यात फडक्याचा दांडा धरला आणि सहावा हात दिला. लावलं, पुसलं, थांबली. मग सातवा. लावलं, पुसलं, थांबली. धूर निघाला, पातळ झाला, संपला. तवा काळाकुळकुळीत झाला होता आणि सूर्य डोंगराच्या टोकाला टेकला होता.

राज्यात दोन दिवस कुणी दळलं नव्हतं. डबे झाडून चिमाक्काच्या भांड्यात एकाच धिरड्याचं पीठ जमलं होतं. तव्यावरचं पहिलं धिरडं बिघडतं, हे कोणत्या बाईला सांगायला हवं? तिने डाव उलटा केला आणि श्वास रोखला. पीठ पसरलं, जाळी पडली आणि कडा आपणहून वर आल्या. उलथनं लावायच्या आधी धिरडं सुटलं.

चिमाक्का ते पानावर घेऊन उठायला गेली. पण दिवसभर बसून पाय बधिर झालेले! उठली आणि तिथेच पडली. पान वर धरलेलं तेवढं सावरलं. सगुणा वेशीकडे निघाली होती, आईच्या हाकेपलीकडे.

तेवढ्यात राजा आपल्या फेऱ्यात तव्याशी आला. चालता चालता त्याने हात पुढे केला.

"पहिलं धिरडं माझं. रीत आहे."

चिमाक्काने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पान त्याच्या हातावर ठेवलं.

"माझं आहे," राजा म्हणाला, "म्हणून मी ते हवं त्याला देतो."

आणि न थांबणारे ते पाय त्याने वेशीकडे वळवले. सगुणेला गाठलं, तिच्या पावलाला पाऊल जुळवलं आणि घास मोडून तिच्या तोंडाशी धरला. "खा, पोरी." तिने खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्या घासाला तिचं पाऊल अडखळलं, थांबलं, आणि सगुणा रस्त्याच्या कडेला गवतात बसली.

ती बसली आणि सगळं राज्य बसलं. प्रधान गटाराच्या काठावर बसला, सैन्य भाताच्या खाचरात बसलं, राजाने मातीत फतकल मारली. डोंगरावर कराळाच्या अंगावरचा भार उतरला. तो हलका होऊन उठला, आणि उठताच पिठासारखा वाऱ्यावर उडून गेला. शाप संपला.

पाय साथ देत नव्हते, म्हणून चिमाक्का हातांवर रांगत लेकीपाशी पोचली. सुईण तिथे चार हातांवरच बसली होती, ती सरसावली. सूर्य बुडता बुडता बाळ रडलं. मुलगी झाली होती.

सगुणेने आईचा भाजलेला तळवा पाहिला. उलटून पाहिला, दुसराही पाहिला.

"आई, दुखतंय का गं?"

"दुखतंय की, मेले!" चिमाक्का म्हणाली, आणि तीन दिवसांचं रडू तिला तिथे आलं.

मग सगुणेने बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः आईच्या खांद्याला टेकून झोपी गेली. चिमाक्काच्या पायांना मुंग्या येत होत्या, पण ती हलली नाही. ज्यांनी ही कथा इथवर बसून ऐकली, त्यांच्याही घरची माणसं दिवेलागणीला घरी पोचोत.