रिकाम्या डालग्याची राखण

काठी जागेवर असती, तर दादा वाचला असता का?

हा प्रश्न जिवबाने साऱ्या वाडीला विचारला. मातीला आलेल्या पाहुण्यांना विचारला, विष उतरवायला आलेल्या वैद्याला विचारला, देवळातल्या गुरवालाही विचारला. कुणी म्हणाले, "ज्याची त्याची वेळ." कुणी म्हणाले, "असं बोलू नये लेका." वहिनीने तर तोंडच फिरवले. उत्तर मात्र कुणी दिले नाही.

घडले होते ते असे. डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीत दोन भाऊ राहत असत. थोरल्याने नऊ कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्यांचा एक नेम ठरवला होता. दिवेलागणीला त्यांना खुराड्यात कोंडायचे. पण त्याआधी खुराड्याच्या फळीवर काठी दोनदा वाजवायची, घटकाभर थांबायचे, मगच आत हात घालून अंडी काढायची. "आत ऊब असते," तो म्हणे, "आणि ऊब काय फक्त कोंबडीलाच हवी असते?"

ती कळकाची काठी खुराड्याच्या कोपऱ्याला उभी असे. एके दिवशी धाकट्या जिवबाने ती कवठे पाडायला नेली आणि झाडाखालीच टाकून दिली. सांजेला दादाने हाक मारली, "जिवा, काठी कुठं रं?"

"आणतो की! थांब जरा!" पारावरून जिवबा ओरडला आणि पुन्हा गप्पांत रमला.

दादा थांबला नाही. कोंबड्या अंगणात ताटकळत होत्या, अंधार दाटत होता. त्याने तसाच हात आत घातला. अंड्यांवर नाग बसला होता.

त्यानंतर जिवबाने खुराड्याची फळी उखडून लांब भिरकावली. "कोंडून कोण वाचलं? दादा कोंडायलाच गेला होता न्हवं?" असे तो म्हणे. कोंबड्या शेवग्यावर झोपू लागल्या. दोन महिन्यांत रानमांजराने चार नेल्या. पहाटे झाडाखाली पिसे दिसत. जिवबा ती पायाने सारून कामाला निघून जाई.

एके सकाळी वहिनीने पिसे स्वतः गोळा केली. तिची लहानगी लेक चिंगी पदराला धरून उभी होती. वहिनी म्हणाली, "भावजी, ज्या घरात कोंबडी राखली जात न्हाई, तिथं माझं लेकरू कोण राखणार? उद्या माझा भाऊ येतोय. मी माहेरी जाते. कोंबड्याबी नेते."

जिवबा तसाच कामाला निघून गेला.

तो एका म्हाताऱ्या बुरुडाच्या हाताखाली बांबूकाम शिकत होता. शाळा दुसरीतच सुटली होती. टोपली, सूप, कोंबड्या झाकायचे डालगे, एवढी त्याची विद्या. त्या दिवशी त्याने कामट्या तासताना तीनदा बोट कापून घेतले. म्हाताऱ्याने सगळे पाहिले.

सांज होऊ लागली तेव्हा म्हाताऱ्याने नुकतेच पुरे झालेले डालगे उचलले, अंगणाच्या मध्यभागी पालथे घातले, वर एक धोंडा ठेवला आणि हातात काठी घेऊन त्याच्या शेजारी राखण करीत बसला. त्याची एकुलती एक काळी कोंबडी मात्र पलीकडे उकिरड्यावर उकरत होती.

जिवबा बघतच राहिला. "आबा, आत काय झाकलंय?"

"काही नाही."

"मग राखण कसली?"

"तू बैस. तूही राख."

"डोळं गेलं का काय तुमचं? कोंबडी तिकडं अन् आबा हिकडं!" जिवबा हसला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदाच हसला होता, आणि तेही कडवटच. "गावात सांगितलं तर लोक येडं म्हणतील."

म्हातारा हलला नाही. डोंगरामागे सूर्य बुडाला. कोंबडी उकरत उकरत कुंपणाकडे सरकली. कुंपणापलीकडे करवंदीच्या जाळीत काहीतरी खसफसले. जिवबाने म्हाताऱ्याकडे पाहिले. तो रिकाम्या डालग्यावर नजर लावून बसला होता. जाळी पुन्हा हलली.

तेव्हा मात्र जिवबाला राहवले नाही. शिवी हासडून तो धावला, कोंबडी काखेत मारून आणली आणि धोंडा बाजूला केला. डालग्यात काही नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. तरी त्याचा हात थांबला. त्याने म्हाताऱ्याच्या हातातली काठी घेतली, डालग्यावर दोनदा वाजवली, घटकाभर वाट पाहिली, मग कोंबडी आत सोडून वर धोंडा ठेवला.

"का रे उठलास?" म्हाताऱ्याने विचारले.

"डोळ्यांदेखत जाऊ द्यायची का तिला?"

 म्हातारा सावकाश म्हणाला, "काठी जागेवर असती तर तुझा दादा वाचला असता का, हे मला ठाऊक नाही. ठाऊक आहे म्हणणारा खोटे बोलेल. काठी तू नेलीस, हे खरे. ते माझ्याने पुसवणार नाही. पण दोन महिने तू त्या एका सांजेवर डालगे पालथे घालून, वर धोंडा ठेवून राखण करतो आहेस. ती सांज आत नाही, पोरा. आत काहीच नाही. आणि जे जिवंत उरले आहे, ते रोज तुझ्या पाठीमागे उघड्यावर हिंडते. अपराध असेल तर तो पाठीवर घे. बुरुडाची पाठ ओझ्यालाच असते. पण हात मोकळे ठेव. दिवेलागण रोज होते."

जिवबा मान खाली घालून रडला. म्हाताऱ्याने कोंबडी आपल्या झोपडीत घेतली आणि डालगे त्याच्यापुढे सरकवले. "हे घेऊन जा. याला तळ विण. तुझी वहिनी निघाली हे वाडीभर झाले आहे; उद्या तिच्या कोंबड्यांना दूर जायचे आहे."

घरी येताच जिवबाने भिरकावलेली फळी शोधली. छपरात खुपसून ठेवलेली दादाची काठी काढली. शेवग्यावर चढून एकेक कोंबडी खाली आणली. काठी दोनदा वाजली तशी वहिनी दारात आली.

"आता कशाला, भावजी? सकाळी तर न्यायच्याच हायती."

"आजची सांज हाय न्हवं, वैनी."

पाचही आत गेल्यावर फळी लागेपर्यंत वहिनी दारातच उभी राहिली. थांबते मात्र म्हणाली नाही. जिवबानेही तिला अडवले नाही.

सकाळी तिचा भाऊ आला. तळ विणलेल्या डालग्यात कोंबड्या घेऊन जिवबा एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेला. त्याने डालगे गाडीत नेऊन वहिनीच्या पायाशी ठेवले, चिंगीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खाली उतरला. गाडी सुरू झाली तसा तो खिडकीशी धावला आणि दादाची काठी आत सरकवून म्हणाला,

"वैनी, आधी ही वाजवा. मग हात घाला."