केरबाचं लिंबू आणि हौसाचा डोळा

विज्ञानाच्या पुस्तकातले सगळे शब्द मला तोंडपाठ आहेत. फक्त अर्थ विचारू नका. आणि चार-पाचाच्या वर शब्दही विचारू नका. तरी ही गोष्ट मीच सांगणार, कारण ज्यांना अर्थ कळतो त्यांना गोष्ट सांगायला सवड नसते.

एका गावात एक केरबा गिरणीवाला होता. त्याची लेक शिकून सासरी गेली आणि तिचं विज्ञानाचं पुस्तक गिरणीतच राहिलं. दळण पडेपर्यंत केरबा ते वाचायचा आणि वाचलेलं लगेच गिऱ्हाइकांवर उडवायचा. ज्वारीचा डबा दिसला की म्हणायचा, "आली कर्बोदकं." हरभऱ्याची डाळ आली की, "बसा प्रथिनं." कोथिंबिरीची जुडी घेऊन चाललेल्या बाईला थांबवून हरितद्रव्य कसं दिलं म्हणून विचारायचा. ज्या शब्दाचा अर्थ लागायचा नाही, तो जरा मोठ्यानं म्हणायचा. हसू नका, सभेत तुम्हीही तेच करता.

त्याचं लाडकं वाक्य एकच. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. पिठाबरोबर हे वाक्य सगळ्या गल्लीला फुकट मिळायचं. 'माहीत नाही' हे दोन शब्द मात्र केरबाच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. त्याच्या बायकोनं, हौसानं, तर नाहीच.

दसऱ्याआधी भिंती रंगवायला त्या गल्लीत सगळ्यांचा चुना एकाच पिंपात भिजायचा. हौसा तो दांडक्यानं ढवळत होती. शिंतोडा उडाला तो थेट तिच्या डोळ्यात. डोळा गच्च दाबून ती खालीच बसली.

कुणी तूप म्हणालं, कुणी दूध. शेजारचा म्हादू मात्र लिंबू चिरूनच आला.

"केरबाण्णा, चुना म्हणजे आम्लारी ना? आणि लिंबू आम्ल. मग होईल क्षार आणि पाणी. म्हणजे आसवंच की. पिळू?"

ऐकायला इतकं बरोबर होतं की मी असतो तर पिळून मोकळा झालो असतो. सगळी गल्ली केरबाच्या तोंडाकडे बघत होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी त्याचा मान राहिला असता. केरबानं हौसाकडे पाहिलं आणि म्हादूच्या हातातलं लिंबू ओढून घेतलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी वाचलं त्यात डोळ्याचं काही नव्हतं." आणि भिंतीवरून हाक मारली, "भागीरथीबाई, हौसाच्या डोळ्यात चुना गेलाय. लिंबू चालतं का?"

भागीरथीबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या हातातलं टाकून धावत आल्या. "लिंबू फेका आधी. स्वच्छ पाणी ओता आणि थांबू नका. चुना आणि लिंबू भेटले की उष्णताही निघते केरबा, ती काय हिच्या डोळ्यात काढायची आहे?"

घागरीमागून घागर आली. केरबा पापणी उघडी धरून पाणी ओतत राहिला, दवाखान्याच्या वाटेवर म्हादूनं आणलेल्या जीपमध्येसुद्धा. डॉक्टरांनी बराच वेळ डोळा तपासला आणि म्हणाले, "वाचला. लगेच पाणी घातलंत हे बरं केलंत."

केरबा बाहेर बाकड्यावर जाऊन बसला. क्षार आणि पाणी खरंच कसं तयार होतं, ते म्हादूला तेव्हा केरबाच्या डोळ्यांत दिसलं.

तात्पर्य: शब्द पाठ झाला म्हणजे तो समजला असं नाही, आणि जिथं समजत नाही तिथं 'माहीत नाही' म्हणून जाणत्याला विचारणं, हाच खरा शहाणपणा.

हे तात्पर्य केरबानं स्वतःच काढलं आणि डोळ्याला पट्टी बांधलेल्या हौसाला ऐटीत ऐकवलं. हौसा म्हणाली, "दोनच शब्द, पण ते तुमच्या तोंडून निघायला माझा एक डोळा पणाला लागला. पुढचा धडा कुठला ते आधी सांगा, म्हणजे मी माहेरी जाते."