दादाच्या वहाणा

“मग देवी कुणाची? फक्त तुमच्याच गुरांची?” मी विचारलं.

सोमगीरबाबा वेशीत वाट अडवून बसले होते. डोंगरातल्या जुन्या लेण्यांकडे जायची वाट त्यांच्या गावातून, गोठ्यांना घासून जाते. वेशीत त्यांनी बाभळीची फांदी आडवी टाकली होती. अलीकडे धुण्याच्या सोड्याची बादली, पुढं भिजवलेलं गोणपाट. चहूकडं गुरांत लाळ्या-खुरकूत पसरली होती; पायांच्या मातीतूनही ती येते. या गावात अजून आली नव्हती.

“कुठला तू?”

“कोळवडीचा.”

“गुरं कशी आहेत तिकडं?”

“वासरं गेली. आमचा बैल तेवढा उठला.”

त्यांनी माझ्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं.

“कोण गेलं?”

“दादा. नवस बोलला होता... बैल उठला तर लेण्यातल्या देवीपुढं दिवा लावीन. बैल उठला. त्याला पाला तोडायला दादा झाडावर चढला, तो पडलाच. कालच बारावा झाला. त्याचा दिवा आता मी लावणार.”



“आंघोळ केलीस?”

“करून, कोरं नेसून आलोय.”

“आणि वहाणा?”

“दादाच्या आहेत.”

“गोठ्यात वावरायचा त्याच का?”

“त्याच.”

“मग बुडव बादलीत. पाय गोणपाटावर पूस आणि जा.”

“नाही बुडवणार.” माझा आवाज चढला. “त्याची बोटं उमटलीत आत. टाचेची मातीसुद्धा तशीच आहे. घरातलं सगळं धुतलं बायकांनी. एवढंच राहिलंय.”

“बरं.”

“वर जाणारच मी. फांदी ओलांडून जाईन. तुम्ही म्हातारे, काय अडवणार मला?”

“काही नाही,” बाबा म्हणाले आणि बाजूला सरकले.

मी वहाणा काढून हातात घेतल्या, फांदीपाशी गेलो.

पलीकडून एक वासरू आलं. तांबडं, दोनेक महिन्यांचं. फांदीवरून मान लांबवून ते माझ्या हाताकडे हुंगू लागलं. जीभ बाहेर आली.

मी झटकन वहाणा पाठीमागं लपवल्या. चार पावलं मागं आलो.

“का रे?” बाबांनी विचारलं. “चाटू दे की. दादाच्याच आहेत.”



मी बादलीपाशी बसलो. एक वहाण पाण्यात सोडली, मग दुसरी. माती सुटली. पाणी गढूळ झालं. आतल्या बोटांवरून मी अंगठा फिरवत राहिलो, कोपरापर्यंत हात धुतले, तरी उठवेना.

बाबांनी घाई केली नाही.

शेवटी वहाणा निथळत बाहेर काढल्या. कुणाच्याही असाव्यात, तशा दिसत होत्या.

“आता काय राहिलं बाबा, दादाचं?”

बाबांनी फांदी ओढून वाट मोकळी केली. मग वासराच्या पाठीवर हात ठेवला.

“हे उभं आहे. तुझ्या दादाच्या बैलासारखंच.”