कापडाचा सूर्य

एका डोंगराळ गावात एकच आळी होती. सात घरं ओळीनं उभी, सगळ्यांची दारं दक्षिणेला.

वर्षातला सर्वांत लहान दिवस आला की तिथे सण असे. सण साधाच. थंडीत सूर्य आकाशात खाली झुकतो, म्हणून त्या दिवशी भर दुपारी ऊन दारातून घरात सर्वांत खोल येई. ते जिथवर पोचेल तिथे पिठाची रेघ ओढायची आणि त्या उन्हात बसून तीळ लावलेली बाजरीची भाकरी खायची. मात्र आधी पहिल्या घरानं शेजारी विचारायचं, "आला का?" दुसऱ्यानं "आला!" म्हणून तिसऱ्याला विचारायचं. सातव्या घराचं उत्तर येईपर्यंत मोठी माणसं घास घेत नसत.

चौथ्या घरात एक कुंभार होता. पाठ मोडल्यापासून तो चुलीजवळच्या खाटेवर पडून असे. हलवलं तरी कळवळे. वर्षभरात ऊन त्याच्यापर्यंत पोचे ते फक्त या सणाला, आणि तेही पायाच्या अंगठ्यापुरतं.

"अंगठा धुऊन ठेवलाय बरं का," तो आठ दिवस आधीपासून बायकोला सांगे.

एका वर्षी शेजारच्या हलवायाला वाटलं, एवढा मोठा सूर्य, आणि त्याला नुसती रेघ? सणाच्या सकाळी त्यानं आळीत उंच बांबू रोवले आणि त्यांवर कापडाचा भलामोठा सोनेरी सूर्य ताणला. मोकळी जागा होती ती कुंभाराच्या दारासमोर.

"भाऊ, जरा बाजूला घेता का?" कुंभारीण म्हणाली.

"वहिनी, अख्खा सूर्य दारात आणून दिला, तरी तुमची तक्रारच!"

दुपार झाली. "आला का?" "आला!" "आला का?" "आला!" "आला का?"

चौथं घर गप्प.

"वहिनी, डुलकी लागली की काय?" हलवाई हसला.

आतून कुंभाराचा आवाज आला, "नाही आला."

हे दोन शब्द आळीनं कधी ऐकलेच नव्हते. कुणाच्या हातातली भाकरी तशीच राहिली, कुणी तोंडावर हात नेला. हलवाई धावत आत गेला आणि थिजला. कुंभाराचा पाय खाटेबाहेर ताणलेला होता. दारापासून धुतलेल्या अंगठ्यापर्यंत काळी गोल सावली पसरली होती. त्या सावलीला किरणंसुद्धा होती.

हलवायानं खोबरं कापायच्या सुरीनं दोर कापले. कापड कोसळलं, ऊन आत आलं, पण तोवर दुपार कलली होती. ऊन खाटेच्या खुराला शिवलं आणि भिंतीकडे सरकलं.

त्या दिवशी मोठ्यांपैकी कुणीच जेवलं नाही. हलवायाचे लाडू परातीत तसेच राहिले.

"रडू नका हो," कुंभार त्याला म्हणाला. "उद्या ऊन तीळभर मागे राहील. मी अंगठा तीळभर पुढे करीन."

दुसऱ्या दिवशी हलवाई कुंभाराच्या दाराशी बसला, आपली सावली आत पडणार नाही असा, अंग चोरून. तिसऱ्या घरानं भीतभीत विचारलं, "आला का?"

त्यानं वाकून अंगठ्याकडे पाहिलं आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला.

तात्पर्य: सण किती मोठा केला ते आपल्या दारातून दिसतं; तो झाला की नाही, ते शेजाऱ्याच्या घरात जाऊन पाहावं लागतं.