वाळूने घासलेली चकती

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा राजालासुद्धा आपलं नाक कसं दिसतं ते नीट ठाऊक नसायचं.

डोंगरातल्या एका राज्यात मैनाक्का नावाची कारागीर राहायची. ती चित्रपेट्या बनवायची. पेटीच्या पुढच्या भोकातून उजेड आत शिरायचा आणि आतल्या स्फटिकाच्या चकतीवर समोरचं दृश्य जसंच्या तसं उमटायचं. ओल्या फडक्याने पुसलं, की चकती पुन्हा कोरी.

सगळी गंमत त्या चकतीत होती. खाणीतून स्फटिकाची लादी यायची आणि लादीत कुठे ना कुठे डाग असायचाच. मोठी चकती कापायला जावं, तर मेला डाग नेमका मधोमध! सगळी मेहनत पाण्यात. लहान चकत्या कापल्या, तर डागाची तेवढी एक फुकट जायची, बाकीच्या चांगल्या निघायच्या. म्हणून मोठी चकती दुर्मिळ. ती सरदारपेटीत बसायची. तिच्यावर उजेड जास्त पडायचा, त्यामुळे अंधाऱ्या महालातही चित्र उमटायचं. लहान चकती रयतपेटीत. तिला मोकळं ऊन लागायचं, पण उन्हात ती मोठीच्या तोडीस तोड. इथवर सगळं ठीक होतं बरं का.

एके दिवशी एक सरदार तणतणत आला.

"मैनाक्का, शिकारीच्या वाटेवर एका धनगराने मला त्याच्या पेटीतलं चित्र दाखवलं. माझ्याइतकंच स्वच्छ! मग मी सरदार कशाला झालो? हे असंच चालणार असेल, तर आम्ही कुणीच तुझ्या दारी येणार नाही."

मैनाक्का घाबरली. सरदारांनी पाठ फिरवली तर चूल कशी पेटायची? तिने काय करावं? रयतपेटीच्या चकत्या बारीक वाळूने हलक्या हाताने घासल्या. चित्र उमटायचं, पण धुरकट. सरदार खूश झाले. रयतेला वाटलं, आपल्या पेटीत असंच दिसायचं. आणि मैनाक्का स्वतःची समजूत घालत राहिली, की लहानच चकती ती, तिच्याकडून आणखी काय मागायचं!

मग एक दिवस लखमा आला. हा कड्यावरचा मध काढणारा. आधी समोरच्या टेकाडावरून कड्याचं चित्र घ्यायचा, दगड कुठे तडकलाय ते बघायचा आणि मगच दोर सोडायचा. नवी रयतपेटी त्याने नुकतीच नेली होती. आज त्याचा एक हात गळ्यात बांधलेला होता.

"अक्का, ही पेटी ठेव तुझी. मी मधाचं काम सोडलं."

"अरे, झालं तरी काय?"

"पाय टेकला तो दगडच सुटला. दोराने तारलं, म्हणून दिसतोय तुला. चित्र तर मी पुन्हा पुन्हा पाहिलं होतं गं, तडा दिसलाच नाही. माझे डोळे गेले बघ. बायकोला अजून बोललो नाही."

मैनाक्काला आपली वाळू आठवली. 'हो रे बाबा, वय झालं तुझं,' एवढं म्हणून ती सुटली असती. कुणाला कळणार होतं? पण तिची जीभ रेटेना. तिने कोनाड्यातली एक न घासलेली लहान चकती घेतली, त्याच्याच पेटीत बसवली आणि त्याला घेऊन टेकाडावर गेली.

चित्र उमटलं. कड्याच्या पोटात दुसराच एक तडा होता, लांबलचक, अगदी मोहोळाच्या डोक्यावर.

"दिसला! अक्का, दिसला! आई शप्पथ, माझे डोळे शाबूत आहेत!" लखमा एका हाताने टाळ्या पिटायला निघाला होता, वेडा कुठला!

मैनाक्काला रडू फुटलं. "तुझे डोळे धडच होते रे. मीच तुझी पेटी आंधळी केली." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

लखमाने पेटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "लहान चकती दिलीस, त्याची माझी तक्रार नव्हती. पण अक्का, मी उठता-बसता माझ्याच डोळ्यांना शिव्या घालत होतो गं."

दुसऱ्याच दिवशी मैनाक्काने दवंडी पिटवली. घासलेल्या सगळ्या चकत्या परत घेतल्या आणि चांगल्या बसवून दिल्या. सरदार पुन्हा गरजत आला. तेव्हा ती हात जोडून म्हणाली, "सरकार, तुमची चकती मोठी आहे. अंधारात ती पाहील ते लहानीला दिसायचं नाही. तो तुमचा मान, तो मी राखीन. पण तुमचं चांगलं दिसावं म्हणून दुसऱ्याचं बिघडवायला मला सांगू नका."

सरदार पाय आपटत गेला. काही दिवस मैनाक्काकडे आमटी पातळच होती. पण आता गिऱ्हाईक आलं, की 'तू कोण' असं न विचारता ती 'तुला काय बघायचंय' असं विचारायची आणि त्याप्रमाणे चकती द्यायची. माणसं लांबलांबून यायला लागली. पुढे त्या सरदारानेही शिकारीला न्यायला हलकी म्हणून एक रयतपेटी गुपचूप मागवली!

हात बरा झाल्यावर लखमा टेकाडावर चढला. चित्र घेतलं, नीट पाहिलं आणि मग कड्यावर जाऊन दोर तड्यापासून लांब सोडला. वर दोराशी बायको बसली होती. तिच्याकडे बघून तो हसला आणि बिनघोर कडा उतरला.

तेव्हा मंडळी, ध्यानात ठेवा: लहान द्यावं, साधं द्यावं, पण जे देऊ ते मुद्दाम अधू करून देऊ नये.